मला पहिल्या नंबरावरून खाली घ्या

माझी धाकटी नणंद सोळा वर्षं लोकांना सांगत आली की वहिनी कॉम्प्युटरवर काहीतरी करते. तिच्या सासरी एकदा कुणीतरी खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दुकानांची नावं लिहिते." त्यांचा समज झाला की मी पाट्या रंगवते. पुढं त्यांच्याकडच्या लग्नात मांडवाच्या दारावर 'सुस्वागतम्' लिहून द्यायला मला आग्रहाचं बोलावणं आलं. मी लिहून दिलं. अक्षर बरं आहे माझं.

आता धंदा आवरला आहे, तेव्हा खरं काय करत होते ते सांगून टाकते. तुम्ही नेटवर काहीतरी शोधता. एक यादी येते. यादीत प्रत्येक नावाची एक ठळक ओळ असते आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत दोन ओळी. तुम्हाला वाटतं, हे सगळं मशीनला आपोआप कळलं. नाही हो. बऱ्याचदा त्या ओळी माझ्यासारखी एखादी बाई खुर्चीत बसून लिहीत असते. वेबसाइटच्या पानाच्या माथ्यावर, वाचणाऱ्याला दिसत नाही अशा जागी, मशीनसाठी चार गोष्टी लिहून ठेवायच्या असतात: पानाचं नाव, पानाचं वर्णन, असं. त्यांना मेटा टॅग म्हणतात. नावाला साधारण साठ अक्षरं, वर्णनाला दीडशेच्या आसपास. त्यापुढं गेलात की मशीन ओळ कापतं आणि तीन टिंबं देतं. त्या तीन टिंबांनी मला जेवढा मनस्ताप दिला, तेवढा सासरच्या माणसांनी मिळून दिला नाही.

सासरच्या माणसांपैकी हे काम पहिल्यांदा कुणाला समजलं असेल, तर माझ्या सासऱ्यांना. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. गुडघे बोलायला लागेपर्यंत त्यांनी पौरोहित्य केलं, शहरातल्या निम्म्या जुन्या घरांच्या वास्तुशांती त्यांच्या हातच्या. मी त्यांना समजावून सांगायला बसले, तर पाच मिनिटांत म्हणाले, "अगं, हा संकल्प आहे. पूजेआधी देवाला सांगावं लागतं ना, कुठल्या द्वीपात, गोदावरीच्या कुठल्या तीरावर, कुठल्या गोत्राचा, कुठला माणूस, कशासाठी बसलाय. नाहीतर एवढ्या पसाऱ्यात देवाला काय कळणार, कोण बोलावतंय?" मी चाट पडले. नंतर गिऱ्हाइकांना मी हेच उदाहरण द्यायची आणि अण्णांचं नाव घ्यायची नाही.

क्रांती चौकात एका चष्म्याच्या दुकानावर माझी दहा बाय बाराची खोली होती. येणाऱ्या प्रत्येकाचं म्हणणं एकच: "आपल्याला पहिल्या नंबरावर यायचंय." कशासाठी यायचंय, हे कुणालाच सांगता यायचं नाही.

सोयगावचे एक बी-बियाण्यांचे दुकानदार होते. सज्जन माणूस, येताना दर वेळी घरच्या केळ्यांचा फणा घेऊन यायचे. त्यांच्या पानाचं नाव मी लिहिलं: कपाशी आणि मका बियाणे, सोयगाव. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. "ताई, देवाचं नाव नाय याच्यात." मग त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. त्यात क्रमानं गणपती, कुलदैवत, ग्रामदैवत, कैलासवासी आजोबा, त्यांचे आशीर्वाद आणि शेवटी दुकानाचं नाव होतं. लग्नपत्रिकेवर असतं तसंच, त्याच क्रमानं. मी सांगितलं की साठ अक्षरं आजोबांपर्यंतच संपतील, बियाणं टिंबांत जाईल. ते म्हणाले, "जाऊ द्या. बियाणं इकतो हे गावाला ठावंच हाय." आणि खरंच, ते रोज स्वतःचं दुकान नेटवर शोधायचे, सगळ्यात आधी गणपती दिसला की दोन्ही हात जोडायचे आणि मग शटर उघडायचे. माझ्या कामावर इतका समाधानी माणूस मला पुन्हा भेटला नाही.

दुसरे एक मंगल कार्यालयवाले. मेटा टॅगमध्ये कीवर्ड नावाचा एक प्रकार असतो. पूर्वी त्यात लोक शोधतील ते शब्द भरले की मशीन ते वाचायचं. पुढं लोकांनी त्यात वाटेल ते कोंबायला सुरुवात केली, तेव्हा मशीननं वाचणंच सोडून दिलं. हे मी या गृहस्थांना तीनदा सांगितलं. तरी दुसऱ्या कार्यालयाला शोधणारा आपल्याकडं यावा म्हणून त्यांनी शहरातल्या बाकीच्या सगळ्या कार्यालयांची नावं माझ्याकडून त्या कप्प्यात भरून घेतली आणि वर बजावलं, "त्यांना सांगू नका." मी कशाला सांगू? कुणी वाचतच नव्हतं. रिकाम्या खोलीत चोरून शिव्या दिल्यासारखा तो प्रकार होता, पण ते महिनाभर खुशीत होते.

मग सलग दुष्काळाची ती वर्षं आली. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येऊ लागलं, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. त्याच वर्षांत शहर मात्र चारी बाजूंनी फुगत होतं. काल जिथं ज्वारी होती तिथं आज लोखंडी सळया उभ्या. माझ्या खोलीतही दुष्काळ आला. लॉजवाला, हॉलवाला, वसतिगृहवाला, प्रत्येकाला वर्णनात एकच शब्द हवा झाला: पाणी. मंगल कार्यालयवाल्यांनी 'प्रशस्त पार्किंग' काढून 'पाणी आहे' घालायला लावलं. एका बिल्डरला 'बाराही महिने मुबलक पाणी' हवं होतं. मी विचारलं, "आहे का?" ते म्हणाले, "लिहिल्यावर बघू." मी लिहून दिलं. त्याची मला आजही लाज वाटते, पण ही गोष्ट त्यांची नाही.

गोष्ट भानुदासभाऊंची आहे. पुंडलिकनगरमधल्या आमच्या बिल्डिंगला पाण्याचा टँकर त्यांचा. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. पावसाळा संपला की कळप घेऊन मुलुखभर फिरायचं आणि पुढच्या पावसाला परत यायचं. पुढं मेंढरं विकली आणि टँकर आला. शहराच्या कडेला भावाच्या शेतात त्यांची विहीर होती. त्या उन्हाळ्यात ती दिवसाला चार टँकर भरून द्यायची. पाचव्याला मोटर नुसती हवा ओढायची. चारपैकी दोन खेपा मागच्या वस्तीला जायच्या. तिथं दुष्काळामुळं गाव सोडून आलेली, नव्या बिल्डिंगांवर काम करणारी माणसं राहत होती, आणि त्यांना ना नळ होता ना बोअर. तिसरी खेप शेजारच्या गल्लीची, चौथी आमची. ती टाकीत ओतली की घरटी बादल्या मोजून मिळायच्या, धुण्याला उरायचं नाही.

एकदा आमच्या टाकीत पाइप सोडून ते मला म्हणाले, "ताई, नेटवर आमचं बी नाव टाका की. समदे टाकायलेत." त्यांना हे काम वाढवण्यासाठी नको होतं. त्यांच्या साडूचं रसवंतीचं दुकान नेटवर दिसत होतं, एवढंच कारण होतं.

मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची, तुमची खासियत काय? प्रत्येकजण म्हणायचा, क्वालिटी आणि सर्व्हिस. भानुदासभाऊंनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "खासियत म्हंजी... मी कुणाला पाण्याला नाय म्हणत नाय."

"कुणालाच?"

"आमी मेंढरं घेऊन परमुलखात फिरलेली माणसं, ताई. हिरीवर गेलं आन कुणी नाय म्हणलं की लई लागायचं. बापानं सांगितलं व्हतं, आपल्याकडं पाणी आलं तर ह्यो शबूद तोंडातून काढायचा नाय."

माझ्या अंगावर काटा आला, आणि लाज सोडून सांगायचं तर त्याच क्षणी मी मनात अक्षरंही मोजली. क्वालिटी आणि सर्व्हिस लिहून कंटाळलेल्या बाईला असं वाक्य आयतं मिळालं होतं. मी वर्णन लिहिलं: 'पाण्याचा टँकर हवा? भानुदास कुणालाही पाण्याला नाही म्हणत नाहीत. फोन करा.' आणि पुढं त्यांचा नंबर. नंबर वर्णनातच घालायचा ही माझी खास युक्ती होती, म्हणजे माणसाला पान उघडायचेही कष्ट नकोत. पानाच्या आत मी व्यवस्थित लिहिलं होतं की टँकर फक्त पुंडलिकनगर आणि मागच्या वस्तीपुरता आहे. पण पान उघडणार कोण? नंबर बाहेरच होता.

शहरात टँकरवाले पुष्कळ, पण स्वतःचं पान असलेला तेव्हा दुसरा कुणी नसावा. दहा-बारा दिवसांत भानुदासभाऊ पहिल्या नंबरावर आले. मी घरी शिरा केला. अण्णांनी दोनदा घेतला.

त्यानंतर आठवडाभरानं आमचा टँकर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी फोन लावला तर एंगेज. तिसऱ्या दिवशी अण्णा गॅलरीतून म्हणाले, "तुझा माणूस आता मोठा झालेला दिसतोय. आपली ओळख राहिली नसेल."

संध्याकाळी मी त्यांच्या पत्र्याच्या शेडवर गेले. भानुदासभाऊ खाटेवर बसून फोनवर बोलत होते. "व्हय. येतो." फोन ठेवला की पुन्हा वाजायचा. "व्हय, व्हय. येतो की." त्यांच्या पत्नी कांताबाई दारात बसून प्रत्येक 'येतो'ला कपाळावर हात मारत होत्या.

"सकाळधरनं शंभर जणाला येतो म्हणले ह्ये," त्या मला म्हणाल्या. "जायचं कशात? टोपल्यात पाणी घेऊन जात्यात का? मी म्हणते फोन मला द्या, मी सांगते नाय म्हणून. तर देत नाय."

चार खेपा होत्या आणि सगळ्या शहराला होकार गेला होता. जो जास्त ओरडेल त्याच्याकडं टँकर वळत होता, आणि ओरडण्यात बंगलेवाले पटाईत. आमची बिल्डिंग राहिली ती राहिली, पण मागची वस्ती तीन दिवस कोरडी होती. त्याच दुपारी वस्तीतली एक बाई रिकामे हंडे घेऊन शेडसमोर येऊन बसली होती. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, तुमी येतो म्हणले व्हते." आणि उठून गेली.

हे सांगताना भानुदासभाऊंनी माझ्याकडं पाहिलं नाही. "आजवर मी येतो म्हणलं आन गेलो नाय, असं झालं नव्हतं," ते म्हणाले. "ताई, मला त्या पैल्या नंबरावरून खाली घ्या."

एवढ्या वर्षांत मला हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, आत्ता काढते. आणि मग मला आठवलं की ते माझ्या हातात नाही. मी पान पुसलं तरी यादीतली ओळ लगेच जात नाही. मशीनचा एक फेरीवाला प्रोग्राम असतो. तो पानापानांवर फिरून काय बदललं ते बघतो, आणि त्याच्या मर्जीनं येतो. छोट्या पानाकडं कधी चार दिवसांनी, कधी महिन्यानं. तोवर माझं ते सुंदर वाक्य नंबरासकट तसंच दिसत राहणार. नंबर बंद करा म्हटलं, तर वस्तीतल्या प्रत्येक घराकडं तोच नंबर. त्यावरूनच ती माणसं टँकर कधी येणार विचारायची.

निदान फेरीवाला येईल तेव्हा नवं वर्णन तयार हवं. मी लिहिलं: 'नवीन गिऱ्हाइकांसाठी पाणी उपलब्ध नाही.' भानुदासभाऊ म्हणाले, "नाय ह्यो शबूद माझ्या नावाखाली नको." मी लिहिलं: 'क्षमस्व.' ते म्हणाले, "ते बी नायच झालं." रात्रभर मी झटापट केली. कुणाला नकार न देता सगळ्यांना परत पाठवणारी दीडशे अक्षरं मला सुचेनात. शेवटी अण्णांनीच तोडगा काढला. तीन दिवस अंघोळ नसल्यामुळं ते जरा कडकच बोलले. "तू संकल्पात नाव घातलंस, काम घातलंस, आणि तीर कुठला ते गाळलंस. मग सगळ्या तीरांवरचे लोक येणारच. त्याचं पाणी कुठं जातं, तेवढंच लिही."

मी लिहिलं: 'भानुदास यांच्या टँकरच्या रोज चार खेपा. दोन मागच्या वस्तीला, एक शेजारच्या गल्लीला, एक पुंडलिकनगरच्या एका बिल्डिंगला.' नंबर काढून टाकला. भानुदासभाऊंनी वाचलं आणि म्हणाले, "ह्ये खरं हाय." त्यांनी आधीच्या वर्णनाबद्दल असं काही म्हटलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

फेरीवाला येईपर्यंत फोन कुणी घ्यायचा? मी म्हणाले, मी घेते. आग मी लावली होती. कांताबाईंनी नवऱ्याच्या हातातून फोन काढून माझ्या हातात दिला आणि त्यांना थेट विहिरीवर पाठवलं.

मी रोज सकाळी लॅपटॉप घेऊन शेडवर जायची आणि दिवसभर नाही म्हणायची. सगळे मला माझंच वाक्य ऐकवायचे. एकजण म्हणाले, "बाजी, तुमारे पेज पे साफ लिखा है, किसीकू ना नै बोलते. फिर ये क्या बोलरे तुम?" एका वकिलांनी फसवणुकीचं कलम सांगितलं. एका बाईंनी आधी शिव्या दिल्या, मग माझं माहेर विचारलं, आणि तिकडून ओळख काढून पुन्हा टँकर मागितला. घरात पाहुणे, घरात बाळंतीण, घरात परीक्षा, एकाकडं तर मासे, मत्स्यालयातले. मी सगळ्यांना नाही म्हटलं. तिसऱ्या दिवसापर्यंत मी इतकी तयार झाले की कांताबाई मला चहा देताना म्हणाल्या, "तुमाला बरं जमतंय." मला ते कौतुक वाटलं नाही.

वस्तीच्या दोन खेपा मात्र पहिल्या दिवसापासून सुरळीत झाल्या. पहिली खेप घेऊन भानुदासभाऊ गेले तेव्हा टँकर मधेच उभा करून आधी चालत त्या हंडेवाल्या बाईच्या दारात गेले, असं मला नंतर कळलं. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही.

फेरीवाला अकराव्या दिवशी आला. नवं वर्णन दिसायला लागलं आणि दोन दिवसांत फोन थांबले. माझ्या हातून लिहिलं गेलेलं ते सगळ्यात चांगलं वर्णन. ते वाचून एकाही माणसानं फोन केला नाही.

पण दहाव्या दिवशीचं सांगायचं राहिलं. दुपारची वेळ. एका म्हाताऱ्या बाईचा फोन आला. आवाज खेड्यातला, लेकाकडं शहरात येऊन राहिलेल्या बायकांचा असतो तसा. "शेजारच्या पोरीनं ह्यो नंबर काढून दिला. पाणी मिळंल का, बाई?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "नसंल तर ऱ्हाऊ द्या. आवंदा कुणाकडं असायचं?"

दहा दिवसांत मला कुणी अशी मोकळीक दिली नव्हती. कलमं लावणाऱ्याला, शिव्या देणारीला, माशांना, सगळ्यांना मी सहज नाही म्हणाले होते. इथं तिनं माझं 'नाही' स्वतःच म्हणून टाकलं होतं, मला फक्त 'बरं' म्हणून फोन ठेवायचा होता. आणि मी म्हणाले, "व्हय. येतो."

माझ्या तोंडी हा शब्द कधी नसतो. मी पत्ता लिहून घेतला. दूरचा होता, पार दुसऱ्या टोकाला. फोन ठेवला तेव्हा भानुदासभाऊ चौथी खेप भरून दारात आले होते, इंजिन चालूच. कांताबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी पत्त्याची चिठ्ठी पुढं केली.

"ताई, ही तुमच्या बिल्डिंगची खेप हाय."

"माहीत आहे."

"वस्तीच्या दोन झाल्या. तिसरी बी झाली. मोटर आता हवा वढती."

"माहीत आहे, भाऊ. जा तुम्ही."

त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "आता कळलं ना, मी दिवसभर काय करीत व्हतो?" आणि गेले.

मी घरी फोन लावला. अण्णांनीच उचलला. ते सकाळपासून गॅलरीत टँकरची वाट पाहत बसले होते. बिल्डिंगच्या वतीनं हे काम त्यांनी आपणहून घेतलं होतं.

"अण्णा, आज आपला टँकर नाही."

"का?"

"मी दुसऱ्यांना दिला."

ते मग म्हणाले, "खाली सगळ्याजणी बादल्या घेऊन उभ्या आहेत. त्यांना कोण सांगणार?"

"तुम्ही सांगा ना."

"छे. मला नाही जमायचं. तू ये आणि सांग."

मी गेले. जिन्याखाली अकरा बायका आणि एक निवृत्त प्राध्यापक उभे होते. मी म्हणाले, आज पाणी नाही, आपली खेप मीच दुसरीकडं पाठवली. तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "कुणाकडं? ओळखीचे होते का?"

"नाही."

"आजारी होतं का कुणी?"

"विचारलं नाही."

"मग कशाला दिलंस गं?"

मी वर पाहिलं. अण्णा गॅलरीच्या कठड्याला धरून ऐकत होते, पाच दिवसांचं धोतर नेसून.

"त्यांनी मागितलं," मी म्हणाले.

काकूंनी माझ्याकडं पाहिलं, रिकामी बादली उचलली आणि जिना चढायला लागल्या. त्यांच्या मागून बाकीचेही गेले. सगळ्यात शेवटी मी गेले, कारण माझी बादलीही तिथंच रांगेत ठेवलेली होती.